सेआराचा पाऊस आणि दोन महासागर

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शताब्दी महोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, कोशवाङ्मय असे विषय शोभून दिसतात. पाऊस, आणि तोही ब्राझीलमधला, हा विषय मी सुचवला तेव्हा कार्यकारी मंडळाने तो विनातक्रार मान्य केला, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. गोमंतकात पाऊस कमी पडला म्हणून गावेच्या गावे उठून गेल्याचे आपल्या ऐकिवात नाही. मिरगाला चार दिवस उशीर झाला तर आपण आकाशाकडे पाहतो, वेधशाळेला दोष देतो आणि मग छत्री शोधू लागतो. अटलांटिकच्या काठावरील ज्या प्रांताविषयी मी आज बोलणार आहे, तेथे गेली दोनअडीचशे वर्षे पाऊस चुकणे म्हणजे घरदार सोडणे असाच अर्थ होत आला.

हा प्रांत म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येचा सेआरा. दक्षिण अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेला जो खांदा दिसतो, त्या खांद्याच्या उत्तर बाजूस हा प्रांत आहे. क्षेत्रफळ गोव्याच्या सुमारे चाळीस पट. राजधानी फोर्तालेझा, येथील जुन्या पिढीला या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. सेआराचा आणि आपला परिचयही तसा जुनाच आहे. काजूचे झाड मूळचे त्या ईशान्य किनाऱ्यावरचे; पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणले, आणि तेथील तुपी भाषेतील नावही झाडाबरोबर आले. उलट दिशेनेही एक शब्द गेला. सेआराचे कोळी ज्या ओंडक्यांच्या तराफ्यावर शीड लावून खोल समुद्रात जात, त्याला ‘जांगादा’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी मलबारातून उचलला, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘संघाट’ शब्दात आहे. आपली ‘सांगड’ त्याच मुळाची. म्हणजे आपण ज्याची सांगड घालतो, त्यावर बसून सेआराचा कोळी मासे मारीत होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या प्रांताचा स्वभाव पाहू. किनाऱ्यावर फोर्तालेझा शहरात वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पणजीच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण किनारा सोडून आत गेले की ‘सेर्तांव’ नावाचा काटेरी झुडपांचा प्रदेश लागतो. तेथे पाऊस ५०० ते ८०० मिलिमीटर. आकडा ऐकून आपल्याला सोलापूरकडची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. मात्र दोन गोष्टी तेथे अधिक कठीण आहेत. पहिली, बहुतेक जमिनीखाली थोड्याच खोलीवर कठीण खडक आहे; विहिरीला पाणी बेताचे लागते आणि पुष्कळदा ते मचूळ असते. दुसरी, हा सगळा पाऊस फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने ऊन असते. जग्वारीब ही तेथील सर्वांत मोठी नदी. धरणे होण्यापूर्वी जगातील सर्वांत मोठी कोरडी नदी म्हणून तिची ओळख सांगत. सरासरी हा शब्दही तेथे फसवा आहे. एका वर्षी पूर आणि पुढच्या वर्षी थेंब नाही, असा तो पाऊस. सरासरीइतका पाऊस पडलेले वर्ष शोधावे लागते.

या लहरीपणाची पहिली मोठी झळ इतिहासात ठळक दिसते ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. गुरांचे मांस खारवून वाळवायचे आणि जहाजांनी पाठवायचे, हा सेआराच्या किनाऱ्यावरचा भरभराटीचा धंदा होता. १७७७-७८ आणि १७९० ते ९३ अशा दोन अवर्षणांत गुरे मेली आणि तो धंदा दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे प्रांतात गेला. जो गेला तो परत आला नाही.

यानंतरचा भाग मात्र मला थोडा सावकाश सांगायचा आहे, कारण त्यात आपलाही एक धागा गुंतलेला आहे. १८४५ च्या अवर्षणानंतर सेआरात बत्तीस वर्षे मोठा दुष्काळ पडला नाही. बत्तीस वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. माणसे वाढली, गुरे वाढली, डोंगरउतार नांगराखाली आले. सरकारने अल्जीरियातून चौदा उंट आणून १८५९ मध्ये फोर्तालेझाला उतरवले होते, पण तो प्रयोग फसला आणि लोकांना करमणुकीचा विषय मिळाला. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी जगभर कापूस शोधायला सुरुवात केली. त्या वर्षांत खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडकडच्या शेतकऱ्यांनी ज्वारी मागे सारून कापूस लावला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, हे आपण वाचले आहे. नेमके तेच सेआरात घडले. मका, घेवडा आणि मान्योक यांच्या जागी कापूस आला; व्यापाऱ्यांनी उचल दिली; १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज तेवढे राहिले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले दोन शेतकरी एकाच बाजाराने एकाच वेळी चढवले आणि एकाच वेळी पाडले.

त्यानंतर पाऊसही दोघांचा एकाच सुमारास चुकला. दख्खनमध्ये १८७६ चा मोसमी पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, पुणे, सातारा, विजापूर, बेळगाव, धारवाड हे टापू होरपळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, ती याच दुष्काळाची; आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ च्या बंडामागे याच दुष्काळात पाहिलेली उपासमार होती. इकडे घाटमाथ्यावर हे चालू असताना, तिकडे १८७७ च्या मार्चमध्ये सेआराचा शेतकरी संत जोसेफाच्या सणाची वाट पाहत होता. १९ मार्च हा तो सण. तोवर पाऊस आला तर वर्ष साधले, नाही तर गेले, अशी तेथील जुनी समजूत. त्या वर्षी तो आला नाही. १८७८ मध्येही नाही, आणि १८७९ मध्येही पुरेसा नाही.

१८७२ च्या खानेसुमारीत सेआराची लोकसंख्या ७ लाख २१ हजार भरली होती. त्यांतील फार थोड्यांची स्वतःची जमीन होती. बाकीचे जमीनदाराच्या मर्जीने त्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणारे. आपल्याकडच्या मुंडकारांची स्थिती आठवावी. गुरे मेली तशी जमीनदाराने या कुळांना ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ म्हणून सांगितले आणि माणसांचे लोंढे समुद्राकडे निघाले. समुद्राकडे का? कारण अन्न येईल तर ते जहाजानेच येईल, आणि बाहेर जायचे तर वाटही तीच. या माणसांना ‘रेतिरांत’ म्हणत, म्हणजे निघून जाणारे. पुढे हा शब्द ब्राझीलच्या साहित्यात, चित्रकलेत आणि लोकगीतांत कायमचा बसला.

फोर्तालेझा हे तेव्हा चाळीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. सरळ रस्ते, फ्रेंच धर्तीची दुकाने, नवे दिवे, असा त्याचा थाट होता. त्याच्या वेशीवर लाखाहून अधिक माणसे झावळ्यांच्या झोपड्यांत येऊन पडली, आणि १८७८ च्या अखेरीस त्यांत देवीची साथ शिरली. रोदोल्फो तेओफिलो नावाचे एक तरुण औषधविक्रेते तेव्हा त्या गावात होते. त्यांनी हे सर्व नोंदून ठेवले. त्या वर्षी १० डिसेंबर या एका दिवसात एक हजार चार प्रेते पुरण्यात आली. सबंध ईशान्य ब्राझीलमध्ये तीन वर्षांत मेलेल्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी, असा अंदाज वारंवार दिला जातो. तेओफिलोंनी या दुष्काळाचा इतिहास लिहिला, त्यावर कादंबरीही लिहिली. पण मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. वीस-बावीस वर्षांनी, सरकार काही करीत नाही असे पाहून त्यांनी देवीची लस स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने तयार केली आणि फोर्तालेझाच्या गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन टोचली.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. धान्याची जहाजे आली, बातुरिते रेल्वेच्या कामावर हजारो दुष्काळग्रस्तांना लावले गेले. पण कामाला येईल त्यालाच शिधा, आणि अंगात त्राण नसलेल्याला काम कसे झेपणार, हा दख्खनच्या दुष्काळी कामांवरचा पेच तेथेही जसाच्या तसा होता. किनाऱ्यावरून बोटी भरभरून माणसे ॲमेझॉनच्या रबराच्या जंगलात पाठवली गेली; तेथे ती हिवतापाने आणि सावकारी कर्जाने संपली.

आणि आणखी एक व्यापार त्या किनाऱ्यावरून जोरात चालला. ब्राझीलमध्ये तेव्हा गुलामगिरी होती. दुष्काळाने नाडलेल्या मालकांनी आपले गुलाम दक्षिणेकडच्या कॉफीच्या मळ्यांना विकायला काढले. फोर्तालेझाला धक्का नव्हता. जहाजे दूर उभी राहत आणि माणसांना तेथवर पोचवायचे काम जांगादावाले करीत. १८८१ च्या जानेवारीत या कोळ्यांनी ठरवले की, सेआराच्या बंदरातून यापुढे एकही गुलाम जहाजावर चढवायचा नाही. फ्रान्सिस्को झोझे दु नासिमेंतो हा त्यांचा पुढारी. तराफे किनाऱ्यावर ओढून ठेवले, एवढाच काय तो त्यांचा लढा. पण व्यापार थांबला. २५ मार्च १८८४ रोजी सेआराने गुलामगिरी रद्द केली. उरलेल्या ब्राझीलला त्यानंतर चार वर्षे लागली. दुष्काळाने माणसे लाचार होतात हे खरेच, पण ज्या वाळूवर ती मरून पडली त्याच वाळूवर तीन वर्षांच्या आत हेही घडले.

श्रोतेहो, आता पाऊस का चुकतो या प्रश्नाकडे वळू.

विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे समोरासमोर येतात. तेथे हवा वर चढते आणि ढगांचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो. हा पट्टा सूर्यामागोमाग वर्षभर उत्तर-दक्षिण हेलकावे घेतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो मोसमी पाऊस येतो, तो याच पट्ट्याचा उत्तरेकडे फार दूरवर ओढला गेलेला भाग मानला जातो. अटलांटिकवर मात्र तो इतका दूर जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्या दक्षिण टोकाला येतो, आणि सेआरा त्या टोकावर नेमका बसलेला आहे. पट्टा दोन-तीन अंश खाली उतरला की पाऊस. तेवढ्यानेच वर अडकला की दुष्काळ. दाराशी येऊन पाहुणा आत न येता परतावा, तसा हा प्रकार.

तो वर का अडकतो? अटलांटिकचे उत्तरेकडचे पाणी दक्षिणेकडच्या पाण्यापेक्षा अधिक उबदार असले की पट्टा उबेकडे, म्हणजे उत्तरेकडे राहतो. अर्ध्याएक अंशाचा फरकही पुरतो. शिवाय दुसरे कारण आहे ते पॅसिफिकमध्ये. तेथे एल निन्यो असेल, म्हणजे पेरूच्या किनाऱ्याकडचे पाणी तापलेले असेल, तर तेथे वर चढलेली हवा ईशान्य ब्राझीलवर खाली उतरते आणि उतरणारी हवा ढग धरू देत नाही. दोन महासागर एकाच वेळी प्रतिकूल झाले की काय होते, ते १८७७ ने दाखवले. २०१८ मध्ये काही संशोधकांनी १८७६ ते ७८ च्या जागतिक दुष्काळाचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पॅसिफिकमधला असामान्य एल निन्यो, हिंदी महासागरातला बिघाड आणि तापलेला उत्तर अटलांटिक, अशी तिहेरी गाठ दिसून आली. दख्खन, चीन आणि सेआरा एकाच सुमारास उपाशी राहिले ते या गाठीमुळे.

या उलगड्याची सुरुवात मात्र भारतातल्या वेधशाळेतून झाली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि त्यानंतर लगेच हा दुष्काळ आला. त्यामुळे मोसमी पावसाचे भाकीत हे त्या खात्याच्या मानगुटीवर जन्मापासूनच बसलेले काम. १८९९-१९०० च्या, आपण ज्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतो, त्या आपत्तीनंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणितज्ञ खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. त्यांच्यापाशी आकडेशास्त्र होते आणि हाताखाली हिशेब करणारे हिंदी कारकून होते. जगभरचे हवेचा दाब, तपमान आणि पाऊस यांचे आकडे मागवून त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला आणि हिंदी महासागरावर तो उतरतो, या तराजूच्या खेळाला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. १९२४ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले, आणि १९२८ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता सेआराचे दुष्काळ.

हिंदुस्थानच्या पावसासाठी तयार केलेली पद्धत त्यांनी अटलांटिकच्या काठावर लावून पाहिली. ती लावता आली, कारण फोर्तालेझाच्या पावसाची नोंद १८४९ पासून होत आलेली होती. उष्ण कटिबंधात इतकी जुनी नोंद विरळा. पर्जन्यमापकातले पाणी रोज मोजून वहीत आकडा लिहिणाऱ्या त्या माणसांची नावे कोणी सांगत नाही. देवीच्या साथीतही कोणीतरी ते काम करीत होता. ग्रंथालयाच्या दाखलनोंदी शंभर वर्षे लिहिणाऱ्यांपुढे मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे.

वॉकरनंतर पन्नास वर्षे या धाग्याकडे फारसे कोणी गेले नाही. १९८१ मध्ये तो पुन्हा उचलला गेला, आणि त्यातही एक हात भारतीय होता. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात जन्मलेले जगदीश शुक्ल हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उमेदवारी करून अमेरिकेत गेले होते. त्यांनी आंतोनियो दिव्हिनो मोउरा या ब्राझिली शास्त्रज्ञाबरोबर, उत्तर अटलांटिक उबदार व दक्षिण अटलांटिक थंड असेल तर सेआरावरची हवा कशी खाली बसते, हे संगणकावरील प्रतिकृतीने दाखवून दिले. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत समुद्राची नाडी पाहिली तर मार्च-एप्रिलचा पाऊस कसा असेल, याचा काही अंदाज बांधता येतो. जगात अशी जागा क्वचितच आहे, जेथे ऋतूचा अंदाज इतका आधी आणि इतक्या विश्वासाने देता येतो.

शास्त्र येथवर आले. दरम्यान जमिनीवर काय चालले होते?

जमिनीवर धरणे बांधली जात होती. १८७७ च्या धक्क्यानंतर योजलेले किशादा येथील सेद्रो धरण १९०६ मध्ये पुरे झाले; देखणे आहे, पण त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहिले ते मोजक्याच वर्षी. १९०९ मध्ये दुष्काळनिवारणासाठी स्वतंत्र सरकारी खाते निघाले. पुष्कळ तलाव जमीनदारांच्या आवारात झाले. दुष्काळ हाच काहींचा धंदा झाला, आणि त्याला ब्राझीलमध्ये ‘दुष्काळाचा उद्योग’ असे नावच पडले. पी. साईनाथ यांच्या पुस्तकाचा ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हा मराठी अवतार ज्यांनी वाचला असेल, त्यांना हा प्रकार अधिक उलगडून सांगायला नको.

आणि छावण्या उभ्या राहत होत्या. १९१५ च्या दुष्काळात फोर्तालेझाच्या सुखवस्तू नागरिकांना १८७७ ची पुनरावृत्ती नको होती. म्हणून निर्वासितांना शहराबाहेर कुंपणात ठेवले गेले. १९३२ मध्ये तर रेल्वेच्या मार्गावर ठिकठिकाणी अशा सात छावण्या काढून माणसांना राजधानीत पोचण्यापूर्वीच अडवण्यात आले. सत्तर हजारांवर माणसे त्यांत होती. सरकारी कागदांत त्यांचे नाव होते ‘कांपु द काँसेंत्रासांव’. दहाबारा वर्षांनी युरोपमुळे या शब्दाला जो अर्थ चिकटला, तो तेव्हा नव्हता; पण कुंपण होते, पहारा होता आणि साथी होत्या. सेनादोर पोंपेउ या गावी त्या छावणीच्या इमारतींचे अवशेष आहेत आणि १९८२ पासून दरवर्षी नोव्हेंबरात लोक तेथील दफनभूमीपर्यंत पहाटे पायी जातात. १९१५ च्या दुष्काळावर राशेल द केइरोझ या मुलीने एकोणिसाव्या वर्षी कादंबरी लिहिली. १९३० मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि याच लेखिका पुढे १९७७ मध्ये ब्राझिली साहित्य अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. कादंबरीचे नाव नुसते ‘पंधरा’. सेआरात वर्षाचा आकडा उच्चारला की पुढचे सांगावे लागत नाही. आपल्याकडे बहात्तर म्हटले की जुन्या माणसांना ते कळते, तसेच.

अंदाजाच्या विद्येचा उपयोग कसा झाला, ते आता पाहू. सेआराने १९७२ मध्ये स्वतःची हवामान संस्था काढली. ‘फुंसेमे’ हे तिचे संक्षिप्त नाव. गंमत अशी की, तिच्या मूळ नावातच ‘कृत्रिम पाऊस’ हे शब्द होते. विमानाने ढगांवर फवारे मारून पाऊस पाडावा, हा हेतू. पाऊस पाडता येत नाही हे यथावकाश ध्यानात आले आणि तो येणार की नाही हे सांगण्याकडे संस्था वळली. १९९२ च्या आरंभी संस्थेने दुष्काळाचा इशारा दिला. सरकारने लवकर येणारी आणि कमी पाण्याची बियाणी वाटली, पाण्याचा साठा राखला. १९८७ मध्ये पाऊस सरासरीपेक्षा ३० टक्के कमी होता आणि धान्य सरासरीच्या १५ टक्केच पिकले होते. १९९२ मध्ये तूट २७ टक्के होती, धान्य मात्र ८२ टक्के आले. हे आकडे नंतर जगभरच्या परिषदांतून फिरले. दोन वर्षांतला पाऊस एकूणात सारखा असला तरी तो कधी कधी पडला यालाही महत्त्व असते, म्हणून सगळे श्रेय अंदाजाला देणे मला पटत नाही. पण काहीच श्रेय नाही असेही म्हणवत नाही.

यशाची बातमी पसरली तशी अधिकाऱ्यांची हिंमत वाढली. सरकारी बियाणे केव्हा द्यायचे, हे आता संस्था ठरवू लागली. जमिनीत ओल पुरेशी आहे असा तिचा निर्वाळा मिळेपर्यंत कोठारे बंद. सेआराचा शेतकरी पहिल्या पावसाला पेरतो. रोप जळाले तर दुसऱ्यांदा पेरतो, तिसऱ्यांदाही पेरतो. त्याच्या दृष्टीने एका पावसाचा लाभ हुकणे हे बी वाया जाण्यापेक्षा वाईट. त्याच्या हातातले बी त्याच्याच भल्यासाठी अडवले गेले, तेव्हा तो चिडला. पुढच्या काही वर्षांत अंदाज आणि पाऊस यांचे जमले नाही, तेव्हा तर वेधशाळा हा चेष्टेचा विषय झाला. मला वाटते, येथे शास्त्रज्ञांचे गणित फारसे चुकले नव्हते. ‘शक्यता अधिक’ या शब्दांचा ‘होणारच’ असा अर्थ राज्यकर्त्यांनी केला, आणि परिणाम भोगायला शेतकरी होता.

त्याच किशादा गावी, जेथे सेद्रोचे धरण आहे, १९९७ पासून दर जानेवारीत ‘पावसाचे भविष्यवेत्ते’ जमतात. बहुतेक वयस्क शेतकरी. मुंग्या वारूळ सोडून उंच जागी निघाल्या का, मातीचे घरटे बांधणाऱ्या पक्ष्याने दाराचे तोंड कोणत्या दिशेला ठेवले, कोणते झाड किती फुलले, यांवरून ते वर्ष सांगतात. १३ डिसेंबर हा संत लुसियाचा सण. त्याच्या आदल्या रात्री मिठाचे सहा खडे उघड्यावर ठेवायचे. जानेवारी ते जून अशा सहा महिन्यांचे ते सहा खडे. जो खडा पाझरेल तो महिना पावसाचा. आपल्या सहदेव-भाडळीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. डिसेंबरातली हवेची आर्द्रता पुढच्या ऋतूची काही चाहूल देत असेलही. मी तिची वकिली करीत नाही आणि तिला हसतही नाही. या वृद्धांचे एक मात्र खरे की, ते कोणाच्या बियाण्याला कुलूप घालीत नाहीत.

२०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षे सेआरात पाऊस तुटीचा राहिला. नोंदींच्या इतिहासात इतका लांबलेला दुष्काळ दुसरा नाही. २००३ मध्ये पुरे झालेले कास्तान्यांव धरण, ज्यात सहाशे कोटी घनमीटरहून अधिक पाणी मावते, ते २०१७ च्या अखेरीस दोन-तीन टक्क्यांवर आले. धरणाखाली बुडालेल्या जुन्या गावाचे चौथरे वर दिसू लागले. गुरे मेली, मका गेला. परंतु रेतिरांतांचे लोंढे निघाले नाहीत, छावण्या काढाव्या लागल्या नाहीत. समुद्राने तर १८७७ पेक्षा अधिक काळ पाठ फिरवली होती. फरक कशाने पडला? मोठ्या धरणांनी काही, पण माझ्या मते त्याहून अधिक लहान गोष्टींनी. १९८८ च्या राज्यघटनेनंतर खेड्यातल्या वृद्ध शेतकऱ्यांना मिळू लागलेले निवृत्तिवेतन; २००३ पासून गरीब कुटुंबाला, बहुधा घरातल्या बाईच्या हाती, दरमहा पोचणारी रक्कम; आणि घराच्या पन्हाळीचे पाणी साठवणारी सोळा हजार लिटरची सिमेंटची टाकी. स्वयंसेवी संघटनांनी २००३ मध्ये अशा दहा लाख टाक्यांचा संकल्प सोडला, तेव्हा तो अतिशयोक्तीचा वाटला होता. पुढे तो सरकारी मदतीने पार पडला. टाकी दारातच असल्यामुळे मैलोगणती डोक्यावरून पाणी आणणारी बाई त्यातून सुटली, आणि टँकर पाठवून मत मागणाऱ्या पुढाऱ्याचाही एक आधार सुटला. साओ फ्रान्सिस्को नदीचे पाणी कालव्याने सेआरात आणण्याची कल्पना तर सम्राट पेद्रोच्या काळापासूनची. ते पाणी प्रत्यक्ष पोचले २०२० मध्ये. त्याचा लाभ कोणाला किती, हा वाद तेथे चालू आहे.

हल्ली कोठेही पाऊस चुकला की हवामानबदलाचे नाव घेतले जाते. सेआराचे दुष्काळ त्याहून फार जुने आहेत, हे आतापर्यंतच्या कथनावरून दिसले असेलच. पण तापत्या हवेत त्याच पावसाचे पाणी अधिक वेगाने उडून जाते, हेही खरे. ब्राझिली शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये बाहिया प्रांताच्या उत्तरेस सुमारे ५७०० चौरस किलोमीटरचा पट्टा आता निमशुष्क न राहता शुष्क झाला आहे, असे प्रथमच नोंदवले. जुना लहरीपणा आणि नवी उष्णता यांची बेरीज सेआराला यापुढे मोजावी लागणार.

अगदी अलीकडचे एक वर्ष सांगून थांबतो. २०२३ च्या अखेरीस पॅसिफिकमध्ये जोरदार एल निन्यो होता. १८७७, १९१५, १९८३, सगळी अशुभ वर्षे सर्वांना आठवली. २०२४ च्या जानेवारीत संस्थेने सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता अधिक असल्याचे सांगितले. इतक्यात अटलांटिकचे विषुववृत्ताजवळचे आणि दक्षिणेकडचे पाणी तापत गेले, ढगांचा पट्टा खाली उतरला, आणि फेब्रुवारी ते मे या काळात सेआरात सरासरीहून बराच अधिक पाऊस झाला. जवळचा समुद्र दूरच्या समुद्रावर भारी ठरला. ज्यांनी पहिल्या सरीला पेरून टाकले होते, त्यांना या दोन महासागरांच्या झटापटीची वार्ता असण्याचे कारण नव्हते. २४ जूनला आपल्याकडे सांजांव असतो आणि पोरे भरलेल्या विहिरींत उड्या मारतात. त्याच दिवशी सेआरात पाऊस संपलेला असतो. तेथे अंगणात होळी पेटवून नव्या मक्याची कणसे भाजतात.